आमच्या वॉर्डाने फौजेसाठी निवडलेली रायफल

देशाच्या फौजेनं जुनी रायफल काढून नवी घ्यायचं ठरवलं तेव्हा दिल्लीत काय काय झालं, मला ठाऊक नाही. आमच्या वॉर्डात काय झालं ते मात्र मी सांगू शकतो, कारण त्यात सगळ्यात जास्त लाकूड माझं गेलं.

मी सुतार आहे. आजोबा तुमसरकडून इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटला आले आणि इथेच राहिले. घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते, आणि माझी मुलगी दोन्हींत भांडते. दारं, चौकटी, खाटा, विहारातली बाकं, सगळं मी करतो. पण गावात माझं नाव झालं ते लाकडी रायफलींमुळे. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. सकाळी पावणेसहाला शाळेच्या मैदानावर ते भरतीला जाणाऱ्या पोरापोरींना फुकट कवायत शिकवतात. अकरा मुली आणि चार मुलं. त्या पंधरा जणांच्या हातातल्या पंधरा रायफली मी कधीकाळी करून दिलेल्या. तेव्हापासून लोक मला 'बंदूकवाला मिस्त्री' म्हणतात. एकदा नव्यानं बदलून आलेल्या ठाणेदाराला कोणीतरी माझी ओळख नेमकी अशीच करून दिली, आणि मला अर्धा दिवस खुलासा करत बसावं लागलं.

तर एका सकाळी सुभेदार साहेब हातात वर्तमानपत्र घेऊन माझ्या दुकानात शिरले.

"मिस्त्री, देशाची रायफल बदलली. आन आपले पोट्टे अजून जुनीच धरून राह्यले. हे चालन का?"

"लाकडाचीच तं हाय साहेब," मी म्हटलं. "जुनी फुटत नव्हती, नवी पन फुटणार नाही."

"लाकूड असो का लोखंड, स्टँडर्ड म्हंजे स्टँडर्ड!"

सुभेदार साहेबांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी होकार दिला. तिथेच चुकलो, कारण मला वाटलं होतं पंधरा दिवसांचं काम आहे. साहेबांनी लगेच समिती नेमली. फौजेत काहीही घ्यायचं तर समिती लागते, म्हणे. आमच्या समितीत तिघं होते. एक स्वतः सुभेदार. दुसरे ड्रायव्हर काका, ज्यांनी फौजेत आयुष्यभर ट्रक चालवला. तिसरे लंगरवाले काका, म्हणजे फौजेचे आचारी. त्यांनी वर्षातून एकदा रायफल धरली आणि बाकीचे सगळे दिवस झारा. त्यामुळे रायफलीविषयी सगळ्यात ठाम मतं त्यांचीच.

समितीचं काम पहिल्याच बैठकीत अडलं. वर्तमानपत्रात नव्या रायफलीचा फोटो होता, पण ती कोण्या बड्या साहेबांनी हातात धरली होती आणि मागचा सगळा भाग त्यांच्या तळव्याखाली नि पोटाआड गेला होता. त्या हाताखाली काय आहे, यावर तीन आठवडे चर्चा चालली. सुभेदार म्हणाले घडीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, आहे. ड्रायव्हर काका म्हणाले काहीच नाही, रायफल तिथेच संपते. माझी मुलगी दुकानात येऊन मोबाइलवर दहा-बारा फोटो दाखवून गेली, पुढून, मागून, उलटे, सुलटे. समितीनं ते बघितले आणि बाजूला सारले.

"मोबाइलवर कोनी बी काई बी टाकते," लंगरवाले काका म्हणाले. "पेपरमंदी हाय ते खरं."

ही मुलगी त्या अकरा मुलींतली एक. तेव्हा तिला अठरा पूर्ण व्हायला आठ-नऊ महिने बाकी होते. उंची मापात जेमतेम बसणारी, अंगानं काडी, आणि डोक्यात एकच खूळ: फौजेच्या पोलिसांत मुली घेतात, तिथे जायचं. अठराच्या आत अर्ज करायचा म्हणजे वडिलांची सही हवी. तो कागद तिनं माझ्या कामाच्या टेबलावर आणून ठेवला होता. "वाचतो, मग करतो," असं मी म्हटलं, आणि कागद उडू नये म्हणून त्यावर रंधा ठेवला. पुढे सगळे जण रायफलीचं बोलत राहिले, पण माझ्या जिवाला जे लागलं होतं ते त्या रंध्याखाली होतं.

मग समितीनं गरजांची यादी केली. ती मी पेन्सिलीनं प्लायच्या तुकड्यावर उतरवून घेतली. सुभेदार साहेबांना रायफल लांब हवी होती, कारण ताठ उभ्या जवानाला लांब रायफल शोभते. ड्रायव्हर काकांना आखूड हवी होती, कारण लांब रायफल ट्रकच्या दारात अडकते. सुभेदार म्हणाले जड हवी, म्हणजे खांदे तयार होतात. ड्रायव्हर काका म्हणाले हलकी हवी, म्हणजे खांदे शाबूत राहतात. लंगरवाले काकांना तिला वर एक आकडा हवा होता, खुंटीला अडकवायला, कारण त्यांची रायफल भिंतीला टेकवली की दरवेळी कणकेत पडायची. प्लायवर शेवटी असं उतरलं: लांब, आखूड, जड, हलकी, खुंटीला अडकणारी. मी विचारलं, हे सगळं एकाच रायफलीत का? समिती म्हणाली, मग मिस्त्री कशासाठी ठेवलाय?

मी तीन नमुने केले. एक सागाचा, एक लामत्याच्या जंगलातल्या सरईचा, म्हणजे साल लाकडाचा, एक शिवणीचा. सरई दगडासारखी, शिवण कापसासारखी, साग मधला. आता चाचण्या सुरू झाल्या.

पहिली चाचणी चिखलाची. लंगरवाले काकांच्या भावाचं शेत रामपायलीला आहे, आणि रोवणीचे दिवस होते. तिन्ही नमुने धानाच्या बांधीतल्या चिखलात तासभर पुरून ठेवायचे, मग काढून तपासायचे, असं ठरलं. आम्ही गेलो तेव्हा बांधीत आठ-दहा बाया ओणव्यानं धान लावत होत्या. त्यांना ही चाचणी समजावून सांगितली. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "पुरा ना बाप्पा, कोन नाही म्हणते. पन तासभर बांधावर बसून काय करान? उतरा खाली."

देशाचा निवृत्त सुभेदार पँट गुडघ्यावर दुमडून तासभर रोवणी करत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांची ओळ सरळ होती. ड्रायव्हर काकांची ओळ मात्र प्रत्येक वळणावर डावीकडे जायची. तासाभरानं सगळी बांधी लावून झाली आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की रायफली नेमक्या कुठे पुरल्या ते आता दिसत नाही. बायांनी नुकतं लावलेलं धान उपटू दिलं नाही. शेवटी पायानं चाचपत दोन सापडल्या. तिसरी, शिवणीची, आपोआप वर येऊन पाण्यावर तरंगत होती. सुभेदार साहेबांनी वहीत लिहिलं: "शिवण. लपत नाही. नापास." ती म्हातारी बाई सरईची रायफल काठीसारखी टेकवत बांध चढली, मागे वळून तिनं ती आमच्याकडे फेकली आणि म्हणाली, "हे बेस हाय. हेच घ्या." वहीत तेही लिहिलं गेलं: "वापरणाऱ्याचं मत, बेस."

दुसरी चाचणी उंचावरून पाडण्याची. शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून सागाची रायफल सोडली. तिला काही झालं नाही. ती ज्या स्कूटरवर पडली ती ड्रायव्हर काकांची; तिचा आरसा फुटला आणि सीट फाटली. ड्रायव्हर काकांनी सागाच्या विरोधात लेखी मत दिलं.

तिसरी चाचणी थंडीची. हिमालयात रायफल आखडते, असं सुभेदार म्हणाले. बालाघाटात हिमालय कुठून आणायचा? आमच्या घरचा फ्रीज त्यातल्या त्यात मोठा. पण तो काही रायफलीच्या मापानं केलेला नव्हता. नळी बर्फाच्या कप्प्यात घातली, दस्ता बाहेर राहिला आणि दार सुतळीनं बांधलं. बायको बाजारातून आली.

"काहो, हे काय कोंबलं तुमी फ्रीजमंदी?"

"फौजेची चाचणी हाय."

"माह्या दह्याची काहून चाचणी घेऊन राह्यले मंग?"

दही नासलं. सरई पास झाली. रात्रीच्या जेवणाला मला ताक मिळालं नाही, आणि समितीकडून त्याबद्दल एक शब्दही नाही.

इतकं होऊनही निकाल लागेना. लंगरवाले काकांच्या मनात आलं की माल बाहेरचा बघावा. राजेगावच्या पुढे गेलं की महाराष्ट्र, म्हणजे आमच्या समितीच्या हिशोबानं परदेश. गोंदियात कोणी एक सुतार लाकडी रायफली करतो, त्याची फिनिशिंग चांगली असते, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. तीस वर्षं रंधा मारतोय मी! तीन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही.

ते गोंदियाला गेले आणि नमुना चादरीत गुंडाळून बसनं परत निघाले. राजेगावच्या नाक्यावर तपासणीला बस थांबली. शिपायानं चादरीवर बोट ठेवून विचारलं, यात काय आहे? आता या माणसानं साधं 'लाकूड' म्हणावं की नाही? पण फौजेत वीस वर्षं खरं बोलायची सवय. ते म्हणाले, "फौजेची नवी रायफल हाय. चाचणीसाठी घेऊन चाललो." बस त्यांना तिथेच सोडून गेली.

सुभेदार साहेब आणि मी मोटरसायकलनं पोचलो तोवर दोन तास झाले होते. लंगरवाले काका बाकावर चहा पीत होते. तो शिपाई रायफल खांद्याला लावून एक डोळा मिटून समोरच्या पिंपळावर नेम धरत होता.

"दस्ता छोटा है," तो आम्हाला बघून म्हणाला. "और ये घोड़ा तो टूट गया."

घोडा त्यानंच दाबून दाबून तोडला होता. समितीनं वहीत लिहिलं की परदेशी मालावर भरवसा नाही. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना चहा पाजला, लंगरवाले काकांना दोनदा.

असं करत करत दिवाळी उलटली, तेव्हा कुठे हे भिजत पडलेलं घोंगडं वाळलं. सरई ठरली. लांबी मधली. आकडा नाही, त्यामुळे लंगरवाले काकांनी सभात्याग केला आणि जेवायच्या वेळी परत आले. उरलं वजन. खरी रायफल किती जड असते, यावर सुभेदार साहेब म्हणाले, कागदावरचे आकडे सांगू नका, माझ्या हातांना आठवतं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात पुढे केले, आणि लंगरवाले काका त्यांच्या हातातल्या पिशवीत वाट्यांनी तांदूळ ओतत गेले. "अजून. अजून. बस!" पावणेचार किलो भरले. सरईच्या नळीत लोखंडी सळई बसवून प्रत्येक रायफल तेवढ्या तांदळाच्या वजनाची करायची, असं ठरलं.

मी चौदा केल्या. मापात, वजनात, एकीसारखी दुसरी. पंधरावीला हात घातला त्या दिवशी दुपारी मुलगी आरशासमोर केस विंचरत होती. तिच्या कुडत्याचा गळा सरकला आणि मला तिचा खांदा दिसला. जुन्या रायफलीनं हाडावर काळानिळा डाग पडला होता. तिची आई तिथे हळद लावत होती आणि दोघी माझ्यापासून लपवल्यासारख्या हळू बोलत होत्या. मी दुकानात आलो. पंधरावी रायफल मी शिवणीची केली. सळई घातलीच नाही. वर तोच काळा रंग दिला, तीन हात. शेजारी ठेवली तर मला स्वतःलाही फरक कळेना. उचलली तर मात्र ती आपली आपणच वर यायची.

चोरी होती ती. पण मला तेव्हा चोरीसारखं वाटलं नाही, आणि हे सांगताना मला अजून लाज वाटते.

रविवारी नव्या रायफलींचं उद्घाटन ठेवलं. अर्धा वॉर्ड मैदानावर आला. लंगरवाले काकांनी साठ माणसांचे पोहे एका मोठ्या गंजात, म्हणजे उंच पातेल्यात, करून मैदानाच्या कडेला ठेवले होते. मी पहाटेच जाऊन रायफली मांडून ठेवल्या आणि शिवणीची बरोबर डाव्या टोकाला ठेवली, जिथे माझी मुलगी उभी राहते. सगळ्यांनी आपापली उचलली. तिनंही उचलली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला.

सुभेदार साहेब भाषण संपवून म्हणाले, "आधी मी करून दाखवतो. फिर तुम लोग." आणि पंधरा जणांतून नेमके डाव्या टोकाला गेले. "दे बेटा तुझी."

चोराच्या मनात चांदणं. मी दोन पावलं पुढे टाकली, पण बोलू काय?

साहेब सावधान झाले. छाती पुढे, हनुवटी वर. आणि त्यांनी स्वतःच स्वतःला हुकूम दिला, "सलामी शस्त्र!" पावणेचार किलोच्या रायफलीला जसा झटका द्यायचा तसा त्यांनी तिला दिला. रायफल त्यांच्या नाकासमोरून वर गेली, हातातून सुटली, हवेत दोन गिरक्या घेतल्या, आणि जाऊन पोह्यांच्या गंजात दस्त्यावर उभी राहिली. साहेबांचे हात अजून सलामीतच होते, रिकामे.

लंगरवाले काकांनी ती पोह्यांतून उपसली. आयुष्यभर हातानं वजन केलेला माणूस तो. एकदा वर, एकदा खाली. "हे दोन किलोच्या वर नाही," त्यांनी जाहीर केलं. मग ते शेंगदाणे झटकत राहिले.

"मिस्त्री, हे काय?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"सरई कमी पडली साहेब," मी म्हटलं. "आणायची राहून गेली."

"खोटं बोलून राह्यले." आवाज डाव्या टोकाकडून आला. "ही माह्यासाठी होती."

साहेब तिच्याकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हातात घेतली तवाच समजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "बाबा तिथं उभे होते ना," ती म्हणाली.

साठ माणसांत माझी अब्रू गेली, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही; गावात अब्रू येते नि जाते. पण मला वाचवायला ती गप्प राहिली होती, हे ऐकून मला जागच्या जागी मातीत जावंसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्घाटन तिथेच संपलं. पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले, थोडा रंग उतरला होता तरी.

त्यानंतर पाच दिवस मुलगी माझ्याशी हिंदीत बोलली. आमच्या घरात हिंदी पाहुण्यांसाठी आणि बँकेसाठी. "खाना लगा दिया है." "चाय रख दी है." इतकी शुद्ध, इतकी नम्र हिंदी की मला बँकेच्या रांगेत बसून जेवल्यासारखं वाटायचं. बायको म्हणाली, "भोगा आता." दह्याचा राग अजून गेला नव्हता तिचा.

सहाव्या दिवशी ती दुकानात आली. ती शिवणीची रायफल तिनं माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"भरतीत मले हलकी देतीन का कोनी?"

"नाही."

"मंग? तुमाले वाटते मी नापास व्हावं. सही पन म्हणूनच नाही करून राह्यले."

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तुझा खांदा पाहिला म्हणून केली, असं सांगायचं होतं. ते खोटं नव्हतं. पण तिच्या मागे टेबलावर तो रंधा दिसत होता आणि त्याखालचा कागद कडांना पिवळा पडायला लागला होता. हलक्या रायफलीवर सराव केलेली पोरगी भरतीत कशी टिकली असती? हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. मला कळत होतं. कळत असूनही मी सळई घातली नव्हती.

"हौ," मी म्हटलं. "वाटते. थोडसं वाटते."

ती लाकडाच्या ढिगावर बसली. तिचा राग एकदम ओसरला, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं.

"आता खरं बोलले," ती म्हणाली, मराठीत.

"मले भेव लागते," मी म्हटलं. "तू गेल्यावर तुले काई झालं तं..."

"मले बी लागते ना. म्हणून तं रोज जाऊन राह्यली."

मी रंधा उचलला. कागद झटकला. हाताशी सुतारी पेन्सिल होती, तिनंच सही केली. तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला, "बाबा, पेन्सिलनं नाही चालत!" मग पेन शोधायला आम्ही दोघांनी अख्खं दुकान पालथं घातलं. पेन तिच्याच कानामागे होता. पेन्सिलीवरून मी पुन्हा सही गिरवली. जाड, वेडीवाकडी झाली, पण झाली.

"आन नवी करून द्या," ती म्हणाली. "सरईची. सळई जाड टाका."

"किती जाड?"

"बाकीच्याईपेक्षा जाड."

ती रायफल होईपर्यंत मुलगी समोरच उभी राहिली, माझा भरवसा नव्हता तिला. तिची रायफल बाकीच्यांपेक्षा पाव किलो जास्त भरली. त्यावर समितीच्या दोन बैठका झाल्या, कारण ती स्टँडर्ड नव्हती. सुभेदार साहेब आधी अडून बसले. मग एका सकाळी त्यांनी तिला ती घेऊन मैदानाला फेऱ्या मारताना पाहिलं. नंतर त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण विषय पुन्हा काढला नाही.

ती भरतीत निवडली गेली. प्रशिक्षणाला गेली. घर एकदम ओकंबोकं झालं. भांडायला दोन भाषा होत्या, त्यातली एकही उरली नाही. तिकडे फोन फक्त रविवारी मिळायचा, तोही दहा मिनिटं. समितीला ती वेळ पाठ झाली. रविवारी तिघंही माझ्या दुकानात फळ्यांवर येऊन बसायचे, आणि मी फोन स्पीकरवर ठेवून मध्ये टेबलावर ठेवायचो.

एका रविवारी ती म्हणाली, "काल मले रायफल भेटली."

तिघंही फळ्यांवरून टेबलाकडे सरकले.

"लांबी किती?" सुभेदार साहेब टेबलावर वाकले.

"आपल्या एवढीच हाय साहेब."

"ट्रकच्या दारातून जाते का?" ड्रायव्हर काका.

"अजून ट्रकमंदी नाही बसली काका."

"आकडा हाय का वरतं? अडकवाले?" लंगरवाले काकांचा आवाज कापत होता.

"नाही."

"पाह्य!" ते उठून उभे राहिले. "दिल्लीवाल्याईले सांगितलं असतं कोनी तं! पडन आता कणकेत!"

त्यांना खाली बसवण्यात एक मिनिट गेलं. मला एकच विचारायचं होतं. शेवटी विचारलं.

"जड हाय का बेटा?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुमच्या रायफलीपेक्षा हलकीच हाय. मले काईच नाही वाटलं."

समितीनं टाळ्या वाजवल्या. सुभेदार साहेबांनी तिथल्या तिथे ठराव मांडला की देशाची रायफल वजनात आपल्या वॉर्डापेक्षा कमी पडली आहे, तसं दिल्लीला कळवावं. ड्रायव्हर काकांनी अनुमोदन दिलं. मी टेबलाची कड धरून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, लाकडाचा बुरादा गेला म्हणावं तर त्या दिवशी दुकान झाडलेलं होतं.

"बाबा? हाय का तुमी?"

"हाय," मी म्हटलं. कसाबसा.

"रडू नका ना आता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी बी स्पीकरवर ठेवला हाय. इकडं साऱ्या पोरी ऐकून राह्यल्या."

आणि तिकडून, कुठल्या कुठल्या गावच्या पंचवीस-तीस मुली एका आवाजात ओरडल्या, "नमस्ते, बाबा!"